डाव्या डोळ्याचा जांभळा

लग्नकार्यात कोणी विचारलं, "आपण काय करता?" तर मी अजूनही "रंगारी आहे" असंच सांगतो. समोरच्याला वाटतं मी घरांना रंग देतो. तो लगेच त्याच्या पोपडे सुटलेल्या भिंतीचं सांगू लागतो. मग मी म्हणतो, भिंती नाही हो, कापड. आणि खरं सांगायचं तर आता कापडही नाही, प्लॅस्टिकच्या चकत्या. चकत्या म्हणजे कसल्या? तर हवेत फेकायच्या. इथवर आलं की तो माणूस माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या बायकोकडे सहानुभूतीनं बघतो, आणि शोभा मान हलवून ती सहानुभूती स्वीकारते.

आम्ही मूळचे भाजीवाले. मोर्णा नदीकाठी बापाची वाडी होती, वांगी, पालक, मेथी, कोथिंबीर. मला वांगी तोडायला लावली की देठाचे काटे टोचायचे, म्हणून मी कटकट करायचो. शेवटी बापानं कंटाळून मला अकोल्यातल्या एका दुपट्टा रंगवणाऱ्याकडे कामाला ठेवलं. काटे टोचतात म्हणून धंदा बदलणारा आमच्या कुळातला मी पहिला. पुढे स्वतःचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक ओटा, दोन शेगड्या, चार जर्मनची पातेली आणि मागे धुण्याची मोरी.

काम असं. बाई ड्रेसचं कापड आणि पांढरा दुपट्टा घेऊन यायची आणि म्हणायची, याच्याशी जुळवून द्या. मी उकळत्या पाण्यात रंगाच्या चिमटी टाकायचो, दुपट्ट्याचा एक कोपरा बुडवायचो, पिळायचो, गरम पातेल्याच्या अंगाला चिकटवून वाळवायचो आणि रस्त्यावर उन्हात नेऊन कापडाशी लावून बघायचो. ओला रंग नेहमी खोटं बोलतो, वाळल्यावरच खरं काय ते कळतं. तराजू मी कधी ठेवला नाही. नवीन पोरं वजनकाटे घेऊन रंग मोजू लागली तेव्हा मी ओट्यावर बसून त्यांना ऐकवायचो, "रंग डोळ्यात असते रे बाबू, काट्यात नाही." हे वाक्य मला फार आवडायचं. गिऱ्हाईक नसलं तर मी ते शोभालाही ऐकवायचो.

मग तीन कपड्यांचे तयार संच आले. दुपट्टा आधीच जुळलेला, तोही घडीसकट पिशवीत. माझी पातेली थंड पडू लागली. अशा एका रिकाम्या दुपारी परतवाड्याची वैष्णवी दुकानात आली. ही अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकत होती आणि मावशीकडे अकोल्याला आली होती. तिनं पिशवीतून एक पांढरी गोल वस्तू काढून ओट्यावर ठेवली.

"काका, हे रंगवता येईल काय?"

"काय हाय हे? डब्याचं झाकण?"

"चकती हाय जी. फेकाची."

मग तिनं मला तो खेळ समजावून सांगितला. गोल्फसारखाच, फक्त चेंडूऐवजी चकती आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. लांबून फेकत फेकत कमीत कमी फेकींत चकती टोपलीत टाकायची. टोपली तिनं परतवाड्याच्या वेल्डरकडून कूलरच्या जुन्या स्टँडची करून घेतली होती. चकत्या मात्र बाहेरदेशातून मागवाव्या लागतात, आणि खेळणाऱ्याला आपली चकती चारचौघांच्या चकत्यांत ओळखू यावी म्हणून तिच्यावर आपलं असं चित्र हवं असतं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "पॉलिस्टर रंगवतो मी. याले काय लागते?"

पॉलिस्टर उकळून रंगतं, म्हणून मी चकती उकळली. मोठ्या पातेल्यात, झाकण ठेवून, खळाखळा. बाहेर काढली तेव्हा रंग झकास चढला होता, पण चकतीचा द्रोण झाला होता. शोभानं तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला आणि वैष्णवीला म्हणाली, "याच्यात आता कढी वाढ बाई." पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण तिच्याकडे तेव्हा दोनच चकत्या होत्या. पण ती शहाणी होती. रडून झाल्यावर तिनं मोबाइल काढला आणि परदेशातले लोक हे काम कसं करतात त्याचे व्हिडिओ मला दाखवले. बाजारात ज्याला लोक "उस्ताद" म्हणत तो मी त्या पोरीच्या मोबाइलपुढे मांडी घालून बसलो.

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चकतीचं प्लॅस्टिक दोन जातींचं असतं. एक बादलीच्या जातीचं. त्याला रंग लावा, साबणाच्या एका हातात तो निघून जातो. दुसरं थोडं रबरासारखं, बोटानं दाबलं की किंचित दबणारं. ते रंग पोटात घेतं आणि एकदा घेतला की सोडत नाही. यासाठी पॉलिस्टरचाच रंग लागतो, पण उकळायचा नाही. परातीत पांढरा गोंद ओतायचा. त्याच गोंदात कालवलेला रंग सॉसच्या बाटलीत भरून परातीत त्याचे थेंब टाकायचे. मग केसांचा कंगवा फिरवून भोवरे काढायचे, नक्षी करायची, आणि वर चकती पालथी ठेवून द्यायची. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढ्या जागी पांढरा डाग उरतो. दुसऱ्या दिवशी चकती उचलून नळाखाली धुतली की रंग दिसतो. तोवर काय झालंय ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं, कारण गोंदात कालवलेला रंग दुधट, मळका, भलताच काहीतरी दिसतो. अकोल्याचा मे महिना असेल तर रंग अर्ध्या वेळात चढतो. आमच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग मला आजवर सापडला आहे.

कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. रंग मी कालवणार, कंगवा मी फिरवणार. पराती भरायच्या, चकत्या उचलायच्या, धुवायच्या हे शोभाकडे. यात माझा हिशेब असा होता की कला माझी आणि धुणं तिचं.

पहिल्या वर्षी मी लाल, हिरवा, पिवळा सगळं करून पाहिलं. पण माझं नाव झालं ते जांभळ्यावर. खरं तर मला करायचा होता वांगी रंग. आमच्या वाडीतल्या वांग्याचा, सकाळी दव पुसलं की जो दिसतो तो. गंभीर, घरंदाज, किंचित काळपट. मी चिमटीचिमटीनं तो साधला. धुऊन आल्यावर चकतीकडे बघितलं की मला बापाची वाडी आठवायची आणि वाटायचं, काटे टोचले खरे, पण रंग घेऊन आलो. चार दिवसांनी वैष्णवीचा फोन आला.

"काका, तुमच्या जांभळ्याले सारे विचारून राहिले. कुठून आणता हा रंग?"

मी म्हटलं, "अनुभव."

तिनं फोटो मोबाइलवर टाकले. पुण्याहून, बेंगळुरूहून चकत्यांची पार्सलं येऊ लागली. तिकडचे खेळाडू त्याला "अकोला पर्पल" म्हणतात असं वैष्णवीनं सांगितलं, तेव्हा मी आठवडाभर शोभाशी जरा मोठ्या माणसासारखा वागलो. तिनं तेही सहन केलं.

आता मागे वळून पाहिलं की सूचना किती मिळाल्या होत्या ते कळतं. एका शाळामास्तरीण बाईंचा दुपट्टा मी तेव्हाच रंगवून दिला होता. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "काका, हे फार निळं झालं." मी त्यांना उन्हात नेलं. त्या म्हणाल्या, उन्हातही निळंच आहे. मी पुन्हा सावलीत आणलं, पुन्हा उन्हात नेलं, आणि शेवटी म्हटलं, "बाई, राग मानू नका, पण एकदा डोळे तपासून घ्या."

दुसरी सूचना वरूडहून आली. तिथले एक बागाईतदार, दादाराव, यांचा पुतण्या वैष्णवीसोबत खेळायचा. दादारावांनी पोरांची स्पर्धा आपल्या बागेत ठेवायचं ठरवलं आणि बक्षिसाच्या चकत्या संत्र्याच्या रंगात हव्या म्हणून निरोप दिला. सोबत नमुना म्हणून पिशवीभर संत्री पाठवली. संत्री आम्ही खाऊन टाकली. संत्र्याचा रंग मला कोणी दाखवायची गरज होती असं मला वाटलं नाही. चकत्या तयार झाल्यावर दादाराव स्वतः जीप घेऊन न्यायला आले. एक चकती हातात धरून त्यांनी उलटसुलट फिरवून पाहिली.

"भाऊ, हे काय हाय?"

"संत्रं."

"हे टमाटर हाय."

मला राग आला. मी म्हटलं, "दादारावजी, तुमचं अंबिया बहाराचं संत्रं हिरवट पिवळं असते. म्या मृग बहाराचं धरलं, पूर्ण पिकलेलं. थंडीतलं."

दादाराव शांतपणे म्हणाले, "अंबिया असो का मृग, संत्र्याच्या झाडाले टमाटर कोण्याच बहारात लागत नाही."

पैसे देऊन चकत्या घेऊन गेले, सज्जन माणूस. पुढे कळलं की स्पर्धेत त्यांनी ते बक्षीस "टमाटर कप" म्हणून वाटलं. मी शोभाला म्हटलं, शेतकऱ्याला रंगातलं काय कळतं. ती परात उचलून मोरीत गेली. ती गप्प बसते तेव्हा मला वाटायचं की तिला पटलं.

मग एके दिवशी चकत्यांचं पार्सल वैष्णवीला पोचवायला मी अमरावतीला निघालो. स्टँडवर गाडीची पाटी पाहिली आणि बसलो. डुलकी लागली. जाग आली तर कंडक्टर "अकोट, अकोट" ओरडत होता. मी परतवाड्याच्या गाडीत बसलो होतो. अमरावतीची वाट मूर्तिजापूरवरून जाते, ही गाडी भलतीकडेच चालली होती. कंडक्टर म्हणाला, "पाटी वाचता येत नाही काय बुवा?" मी म्हटलं, "येते, पण ती पुसट हाय." त्यानं खाली उतरून पाटी पाहिली. ती नवी कोरी होती. संध्याकाळी शोभानं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता चुपचाप डोळे दाखवा."

अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत औषध टाकून तपासलं. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. त्यांनी समजावलं की डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडतं, तपकिरी होतं. त्यातून पांढरं पिवळट दिसतं आणि निळं तर आत शिरतच नाही. सगळं हळूहळू होतं, म्हणून माणसाला कळत नाही. मग सहज विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

"रंगारी हाओ जी."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "आणि धंदा चालतो?"

मी म्हटलं, "जोरात."

आधी उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी काढली तेव्हा समोरची भिंत इतकी पांढरी दिसली की मला वाटलं रात्रीतून चुना दिला. उजवा डोळा झाकून डाव्यानं पाहिलं तर तीच भिंत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी. घरी येईपर्यंत मी बसमध्ये एकदा हा डोळा, एकदा तो डोळा झाकत होतो. शेजारी बसलेल्या बाईंनी दोनदा जागा बदलली, त्यांना वाटलं मी डोळे मारतो.

दुकानात शिरलो आणि जागच्या जागी उभा राहिलो. भिंतीवर खिळ्यांना माझ्या नमुन्याच्या चकत्या टांगलेल्या होत्या. त्यांत माझा वांगी रंग नव्हताच. त्याच्या जागी होता एक भडक, किंचाळणारा, विजेच्या दिव्यासारखा जांभळा. मिरवणुकीच्या ट्रॅक्टरला लावतात तसल्या पताकांचा. मी डावा डोळा उघडून उजवा झाकला. बापाची वाडी परत आली. उजवा उघडला, मिरवणूक निघाली.

मी शोभाला म्हटलं, "हे असं होतं? पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून नाही. दोन-तीन वर्सांत वाढत गेलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले वाटलं तुमची फॅशन हाय. अन् लोक तं घेऊन राहिले होते."

मी ओट्यावर बसलो. खरंच सांगतो, मला लाज वाटली. शाळामास्तरीण बाई आठवल्या, दादाराव आठवले. ज्या डोळ्याचा दिमाख मी आयुष्यभर मिरवला तोच मला फसवत होता, आणि मी जगाला डोळे तपासायला सांगत फिरत होतो. बेंगळुरूचे लोक मला उस्ताद समजत होते ते माझ्या मोतीबिंदूमुळे.

मग मी ठरवलं की आता खरा रंग द्यायचा. नव्या डोळ्यानं बसून, पॉलिस्टरच्या चिंध्यांवर पुन्हा पुन्हा करून बघत, मी वांगी रंग साधला. अस्सल. पहिली खेप वैष्णवीलाच दिली. तिला महिन्याभरानं दक्षिणेत या खेळाच्या संघाच्या निवड चाचणीला जायचं होतं. तिचं शिक्षणाचं हे शेवटचं वर्ष. ही निवड हुकली तर बाप तिला परतवाड्याच्या किराणा दुकानावर बसवणार हे ठरलेलं होतं, आणि तो काही वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त हा खेळ म्हणजे काय ते अजून कळलं नव्हतं. मी तिला म्हटलं, "आता पाह्य, हा खानदानी रंग हाय."

आठवड्यानं ती परत आली. तोंड उतरलेलं.

"काका, दोन हरवल्या."

"कशा?"

"आमचं मैदान म्हंजे नांगरलेलं वावर हाय जी. काळी माती. तुमचा हा नवा रंग मातीत पडला का दिसतच नाही. मी अन् पोट्टे दिवस बुडेपर्यंत हुडकत होतो. चाचणीत चकती सापडली नाही तं दंडाची एक फेक वाढते." मग तिनं सहा कोऱ्या पांढऱ्या चकत्या ओट्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "मले तोच जांभळा पाह्यजे. तो दुरूनच दिसे. तुरीच्या वावरात पडला तरी दिसे."

मला वाटत होतं लोकांना तो भडकपणा आवडतो कारण लोकांना चव नाही. त्यांना चकती सापडायला हवी होती, एवढंच.

आता कोणीही म्हणेल, जुनी चकती समोर ठेव आणि जुळव, जन्मभर तेच केलंस ना. मीही तेच म्हणालो. पण दुपट्ट्याचा कोपरा वाळवून दोन मिनिटांत बघता येतो. इथे गोंदातला रंग मळका दिसतो आणि खरं काय ते दुसऱ्या दिवशी नळाखाली कळतं. कोणत्या मळक्यातून कोणता रंग निघतो याचा माझा सारा अनुभव त्या पिवळ्या डोळ्याचा होता. आणि दुसरी अडचण माझ्या हाताची. निळा जरा वर आला की हात आखडायचा. मन म्हणायचं, पुरे, मिरवणूक होईल. चिंध्या वाया गेल्या, दिवस वाया गेले.

मग मला एक अक्कल सुचली. डावा डोळा अजून तसाच होता ना. दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा घेतला, त्याच्या उजव्या काचेवर आतून कापडी चिकटपट्टी लावली, डावी काच काढून टाकली, आणि डाव्या डोळ्यानं रंग कालवायला बसलो. शेजारचा पानवाला येऊन विचारून गेला की कुठे नेम धरायचा आहे काय. डॉक्टरीणबाईंचा फोन येत होता, डाव्या डोळ्याची तारीख कधी घेता म्हणून. मी त्यांना पाहुणे आहेत असं सांगत होतो. मी मनाशी असा विचार केला होता की हा डोळा काही काढून टाकायचा नाही. हाच आपला कारागीर आहे.

पण कारागीर म्हातारा होत चालला होता. मधल्या काळात त्याला आणखी कमी दिसू लागलं होतं, म्हणजे तो आणखी निळं मागू लागला होता. त्या खेपेच्या चकत्या धुतल्या तेव्हा निघाली नुसती शाई. जांभळ्याचं नावही नाही. आणि त्यांतली एक तर मी पालथी ठेवायच्या ऐवजी सुलटी ठेवली होती, तिचं चित्र पोटाकडून उमटलं. वैष्णवीच्या त्या सहापैकी चार चकत्या गेल्या होत्या. दोनच पांढऱ्या उरल्या, आणि तिची गाडी आठवड्यावर आली होती.

मी पातेली आवरायला लागलो. शोभाला म्हटलं, वैष्णवीला फोन कर, सांग, काकाच्यानं होत नाही आता. हा धंदा मी काट्यांना भिऊन धरला होता, पण सोडायची वेळ आली तेव्हा कळलं की माझ्याकडे दुसरं काहीच नाही.

शोभा मोरीतून हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "सरका तिकडे."

"तुले जमते?"

"इतके वर्स धुवून कोण राह्यलं? ओला कसा होता अन् निघाला कसा, दोन्ही म्याच पाह्यलं. तुमी तं ओतून चहा प्याले जात."

तिनं गोंद घेतला, लाल घेतला, निळा घेतला. मी सवयीनं चिमटी पुढे केली तर तिनं माझा हात बाजूला सारला. तिला घाई नव्हती. थोडं कालवायची, परात उजेडाकडे तिरपी करायची, बघायची.

"ओल्यात लाल कांद्याच्या सालीवानी दिसला पाह्यजे," ती म्हणाली. "त्याच्यावर गेला तं निळा पडते. खाली राह्यला तं वांगं होते."

इतकी वर्षं मी तिला धुणारी समजत होतो, आणि रंगाचं खरं शिक्षण तिनं मोरीत बसून पुरं केलं होतं. मी तिला म्हटलं, हे आधी सांगायचं. ती म्हणाली, "तुमी विचारलं कधी?" कंगवा मात्र तिनं माझ्या हातात दिला. भोवरे मला अजून चांगले काढता येतात, हे तिनं स्वतःहून कबूल केलं.

चकत्या परातीत पालथ्या असतानाच तिनं मला अमरावतीच्या गाडीत बसवलं. यावेळी पाटी तिनं वाचली. मी डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया करून घेतली. टेबलावर आडवा झालो तेव्हा मला जरा वाईट वाटलं, कसंही असलं तरी त्या डोळ्यानं मला नाव मिळवून दिलं होतं. मी घरी परत येईपर्यंत वैष्णवी दोन्ही चकत्या घेऊन गेली होती. त्या मी पाहिल्याच नाहीत. शोभाला विचारलं कशा झाल्या, तर म्हणाली, "झाल्या."

वैष्णवीचं नाव निवड यादीत आलं. शेवटून पहिलं होतं, पण होतं. आणि चकत्या दोन्ही परत आल्या, एकही हरवली नाही. तिच्या बापानं आम्हा दोघांना परतवाड्याला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर वैष्णवी आम्हाला गावाबाहेरच्या त्या वावरात घेऊन गेली. मागे मेळघाटाचे डोंगर, पुढे नांगरलेली काळी माती आणि कडेला कूलरच्या स्टँडची ती टोपली. तिचा बाप बांधावर उभा राहून बघत होता. तिनं चार पावलं टाकून हात झटकला.

चकती सुटली. दोन्ही डोळ्यांनी, चष्म्याशिवाय, मी तिच्याकडे बघत राहिलो. ती आधी उजवीकडे कलली, मग डावीकडे वळली आणि लांब जाऊन ढेकळांत पडली. आणि दिसत होती. एवढ्या काळ्या मातीत तेवढीच एक गोष्ट दिसत होती. वैष्णवी इकडेतिकडे न बघता सरळ तिच्याकडे चालत गेली.

मी शोभाला म्हटलं, "माझा जांभळा तू हुबेहूब उचलला."

"तुमचा कोठचा?" शोभा म्हणाली. "तुमी तं वांगंच बनवून राह्यले होते. जांभळा आमालेच दिसे."

मला हसू आलं आणि रडूही आलं. माझ्या नावावर गावोगाव गेलेला तो रंग मी त्या दिवशी पहिल्यांदा लाज न वाटता पाहिला. भडकच होता. मला फार आवडला.